नातवंडाचा हक्क आणि आजीची लाज



आई-वडील गेलेलं लेकरू आजी किंवा मावशी सांभाळते, तेव्हा मंदिरात आपण म्हणतो, "केवढं पुण्य!" तिनंच सरकारी मदतीचा अर्ज केला की तोंडं वाकडी. "आपल्यात असं मागतात का?" मला याचा राग येतो. पुण्यानं शाळेची फी भरता येत नाही.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलासाठी अठरा वर्षांपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा, आदेश बालकल्याण समिती देते. ही भीक नव्हे, मुलाच्या नावची जमा आहे. ती नाकारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं. लेकराच्या ताटातलं काढणं नव्हे. चार दानांत अभयदान आहे. पोरक्या मुलाला आपल्या माणसांत ठेवणं हे अभयदान नाही तर काय?

या दशलक्षणात बोली जरूर बोला. पण एक दिवस अशा आजीबरोबर त्या कार्यालयातही जा, दाखले जोडायला मदत करा. कौतुक तिला पुष्कळ मिळालंय, आता सोबत द्या.