शंभर येनची बशी, शंभर रुपयांचा वाटा

मालवणात उतरलेलं पर्यटक कुटुंब जेवायला बसलं की बऱ्याचदा एकच दृश्य दिसतं. मेनूकार्डावर सुरमई आणि पापलेटपुढे आकडा नसतो, ‘साइजप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं. वडील वेटरला हळू आवाजात भाव विचारतात, आई मुलांकडे बघते, आणि दोन सुरमई थाळ्या नि मुलांना अंडाकरी यावर बेत ठरतो. जेट्टी पाच मिनिटांवर, तिथे बांगड्याच्या टोपल्या उतरताहेत आणि मुलं अंडं खाऊन परत जाताहेत. मला हे फार लागतं.

तोक्योत याच्या नेमकं उलट पाहिलं. माझी भाची तिथे निशी-कासाईला राहते. भारतीयांची मोठी वस्ती असलेला हा भाग. जपानमध्ये बाहेर खाणं म्हणजे खिसा रिकामा, ही धास्ती मनात घेऊनच मी गेलो होतो. भाची फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुकानात घेऊन गेली आणि म्हणाली, “मामानु, हंय भाव कोणाक विचारूचो नाय. बशयेचो रंग बघूचो.”

रंगावरून किंमत. पट्ट्यावरून बश्या सरकत येतात, हवी ती उचलायची, नको ती जाऊ द्यायची. प्रत्येक बशीत दोनच घास. चहाची हिरवी पूड टेबलावर ठेवलेली आणि गरम पाण्याचा नळ तिथेच. शेवटी रिकाम्या बश्यांची चळत मोजली की बिल तयार. शाळेच्या गणवेशातली पोरं, एकटे जेवणारे म्हातारे, कडेवर तान्हं घेतलेल्या बाया, सगळे निवांत बसलेले. कुणाच्या चेहऱ्यावर हिशेबाचं ओझं नव्हतं.

ही युक्ती योशिआकी शिराइशी यांची. ओसाकाजवळ त्यांचं लहानसं सुशीचं दुकान होतं. गिऱ्हाईक आसपासच्या कारखान्यांतले कामगार. स्वस्तात आणि पटकन खायला घालायचं तर हाताखाली माणसं पुरेनात. आसाही बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना उपाय सुचला, आणि 1958 मध्ये आजच्या हिगाशी-ओसाकात ‘गेनरोकू सुशी’चा फिरता पट्टा सुरू झाला. वेग किती ठेवायचा यावरही त्यांनी डोकं लढवलं. जास्त जोरात फिरला तर बशी पकडता येत नाही, फार हळू तर माणूस कंटाळतो. अखेर सेकंदाला साधारण 8 सेंटीमीटर ठरलं. 1970 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात हे दुकान लोकांनी पाहिलं आणि पुढे देशभर तशी दुकानं निघाली. उस्तादांसमोर बसून, भाव न विचारता खायची सुशी कामगाराच्या ताटात आली ती अशी.

मी उचललेली एक बशी मात्र विसरता येत नाही. भातावर माशाची तिरकी कापलेली फोड. पाठीकडची निळसर वळणावळणाची नक्षी आणि पोटाकडची चांदी तशीच्या तशी. बांगड्याच्याच भावकीतला हा मासा, त्याला तिथे ‘साबा’ म्हणतात. आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. तिरफळं नाहीत, सोलं नाहीत, तिखट नाही, तरी जिभेला ओळख पटली. जपानात साबा गरिबाघरचा मासा, पण पट्ट्यावर तो महागड्या ट्यूनाच्या मागोमाग त्याच मानाने फिरत होता.

त्या पट्ट्यावरचं सगळंच जपानी समुद्रातलं नसतं. सामन मासा कच्चा खायची जपानी माणसाला पूर्वी सवय नव्हती. नॉर्वेने 1980 च्या दशकात नेटाने प्रचार करून मत्स्यशेतीत वाढवलेला सामन तिथे रुजवला. खेकड्याच्या म्हणून मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्या सुरिमीच्या असतात, म्हणजे धुतलेल्या, वाटलेल्या माशाच्या. आपल्याकडचा राणी मासा रत्नागिरीच्या गद्रे मरीनमध्ये जातो आणि त्याचा सुरिमी परदेशात पोचतो. आणि शंभर येनची बशीही आता सगळीकडे राहिलेली नाही; सुशिरो या फिरत्या पट्ट्याच्या दुकानांच्या साखळीने 2022 मध्ये दर वाढवले. पुढच्याच वर्षी खोडसाळ गिऱ्हाइकांचे व्हिडिओ पसरल्यापासून कित्येक दुकानांत मोकळ्या फिरणाऱ्या बश्या थांबल्या, मागवलेलीच बशी पट्ट्यावरून येते. पण किंमत डोळ्यांसमोर आणि घास लहान, हे दोन्ही टिकून आहे.

मालवणात पट्टा बसवा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे त्याच्या तोडीची रीत कधीपासूनची आहे. बाजारात कोळणी पेडवे, सुंगटां, तारल्या वाट्यावर विकतात. वाटा समोर मांडलेला, भाव ठरलेला, कधी शंभराचा, कधी दोनशेचा. गिऱ्हाईक बघतं, परवडेल तो उचलतं. किनाऱ्यावरून ओढतात त्या रापणीतही ओढणाऱ्याचा, होडीचा, जाळ्याचा वाटा ठरलेला असतो. हीच रीत जेट्टीवरून खानावळीच्या उंबऱ्यापर्यंत आली की तिथेच थांबते आणि मेनूकार्डावर फक्त सुरमई-पापलेट उरतं.

खानावळवाल्यांची बाजू मला ठाऊक आहे, ती खोटी नाही. लिलावात भाव रोज बदलतो, छापील कार्डावर आकडा कसा घालणार? पेडवे साफ करायला बायकांचे तासन् तास जातात. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक काट्यांना भितं. पण भाव बदलतो म्हणून तर फळा आणि खडू हवा. सकाळी लिलाव झाला की लिहायचं, दुपारी पुसायचं. काट्यांची भीती दोन तारल्यांपुरती कुणालाही निभावता येते. अख्खी थाळी पानात पडली की माणूस ओळखीचंच मागतो. दोन घासांची बशी असेल तर तारलीही मागेल, माकूलही, आणि कुपाही. ट्यूनाच्याच जातीचा हा मासा, मुंबईच्या पाहुण्याला कुणी वाढतच नाही.

रापणीवर पहाटे दोर ओढणाऱ्या माणसाच्या वाट्याला जास्त करून तारली-पेडव्यासारखे मासे येतात. त्यांना खानावळीत गिऱ्हाईक मिळालं तर लिलावात त्यांचा भाव चार पैशांनी वर जाईल. म्हणून येत्या हंगामात, पावसाळा सरून बांगडा किनाऱ्याला लागला की, एका तरी खानावळीने दाराशी फळा लावावा. तारली तळलेली, दोन नग, तांदळाच्या भाकरीसकट. आणि पुढे स्वच्छ अक्षरात आकडा.