नाणेघाटाची वाट

सुटी लागली कीं मोटार घेऊन बाहेर पडणाऱ्या मंडळींचा ओघ हल्लीं ठराविक घाटांकडेच वाहतो. धबधबा पाहावा, भजीं खावीं, छायाचित्रें काढावीं आणि अंधारापूर्वीं परतावें, एवढाच काय तो कार्यक्रम! अशा वाचकांस या महिन्यांत एक निराळी वाट सुचवावीशी वाटते.

पुण्याहून नारायणगांवावरून जुन्नर गांठावें. गांवाशेजारींच शिवनेरी उभा आहे. १६३० सालीं तेथें शिवजन्म झाला, हें सांगावयास नकोच. परंतु भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंच्या आसपास लेणीं आहेत व त्यांतील कांहीं दानें ‘यवन’ म्हणविणाऱ्या परदेशस्थांचीं आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. या आडबाजूस एवढा पैसा आला कोठून? त्याचें उत्तर पश्चिमेस सुमारें तीस किलोमीटरांवर आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतील माल सह्याद्रि चढून पैठणकडे ज्या वाटेनें जाई, तीच ही नाणेघाटाची वाट.

रस्त्यांत चावंडचा किल्ला दिसतो. पूर गांवीं कुकडेश्वराचें जुनें शिल्पमंडित देऊळ लागतें. तेथें अर्धा तास अवश्य घालवावा. घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं यांत टाकीत, असें लोक सांगतात. मुलें तेथेंच रमतात. त्यांना रमूं द्यावें; मात्र नंतर हात धरून खिंडींतील गुहेंत न्यावें.

तिच्या भिंतींवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपींत कोरलेला आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण यांची ती नोंद होय. दानांच्या संख्या अंकांतच लिहिल्या असल्यामुळें आपल्या अंकांच्या इतिहासांतहि या लेखास मोठा मान आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा, असें विद्वान मानतात. पतीच्या मागें महिना महिना उपवास करणारी, घरींच तापसीप्रमाणें राहणारी, असें तिचें वर्णन त्यांत आहे. मुलें लहान असतांना राज्यहि तिनेंच सांभाळलें, असें कित्येकांचें मत आहे. मागील भिंतीवर राजकुलाच्या मूर्ति होत्या. त्या नाहींशा झाल्या. वरचीं कांहीं नांवें मात्र उरलीं, आणि त्यांत राणीचेंहि आहे.

आमच्याबरोबर आत्या होत्या. पंचविशींत वैधव्य आलें, तरी शिवणकाम करून त्यांनीं दोन मुलगे शिकविले. त्याबद्दल चार शब्द कोणीं कधीं बोलल्याचें मला आठवत नाहीं. मी लेखाचा अर्थ सांगितला, तेव्हां त्या बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, तिचें नांव कुठलें तें दाखव बरें.” मीं दाखविलें. परततांना मोटारींत नातवानें विचारलें, “आजी, तुला काय आवडलें?” आत्या म्हणाल्या, “कुणीतरी लिहून ठेवलें, तें.” यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं.

पावसाळ्यांत येथें दाट धुकें असतें व पायऱ्या निसरड्या होतात. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. पिण्याचें पाणी बरोबर घ्यावें. विजेरी अवश्य न्यावी, तिरप्या उजेडांत अक्षरें स्पष्ट दिसतात. भिंतीस मात्र हात लावूं नये.