भिंग लहान, प्रश्न मोठा

शिवाजी पेठेतील तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या तरुणाच्या खिशात आज मोबाईलचा कॅमेरा असतो. त्यातील भिंगात कोल्हापूरचा वाटा किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ज्या शहरात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी स्वदेशी चित्रपट-कॅमेरा घडविला, तेथे तरी तो विचारला जायला हवा.

प्रकाशाला वळण देणारी साधने आता केसाच्या जाडीइतकी सूक्ष्म होत आहेत. इतके लहान भिंग काच घासून करणे जिकिरीचे. साधे प्लॅस्टिक उष्णतेपुढे टिकत नाही. जर्मनीतील वुर्झबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने यातून मधला मार्ग काढला. काचेप्रमाणे सिलिकॉन-ऑक्सिजनचा सांगाडा आणि त्याला जोडलेले सेंद्रिय गट, असे तिचे संकरित पॉलिमर ‘ऑर्मोसेर’ या नावाने ओळखले जातात. द्रवाचा थेंब साच्याखाली दाबावा, त्यावर अतिनील किरण सोडावेत. थेंब घट्ट होऊन भिंग तयार होते.

ही विद्या कोल्हापूरला सर्वस्वी परकी नाही. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात ए. वेंकटेश्वर राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीच्या सोल-जेल रसायनाने लवचिक सिलिका एरोजेल सिद्ध केले. ते संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, साचा म्हणजे काय हे उद्यमनगरच्या कारागिराला शिकवावे लागत नाही. वाळूचा साचा आणि मायक्रॉनच्या अचूकतेचा साचा यांत अंतर मोठे आहे, हे मान्य. परंतु ते तोडण्याजोगे आहे आणि तोडणे हिताचेही आहे. ओतकामाचा भाव किलोवर ठरतो. कच्चे लोखंड वा वीज महागली की नफा आटतो. भिंगात वजन नगण्य, मोल ज्ञानाचे.

उणीव आहे ती मधल्या दुव्याची. १९४९ साली स्थापन झालेल्या फ्राउनहोफर संस्थेचा कारभार बराचसा उद्योगांनी सोपविलेल्या संशोधनावर चालतो. आपल्याकडे प्रबंध ग्रंथालयात राहतो, कारखाना जुन्याच मालावर चालतो आणि पेठेतील पदवीधर पुण्या-बंगळूरची वाट धरतो. विद्यापीठ, कारखानदारांच्या संघटना आणि शासन यांनी मिळून सूक्ष्म साचे व मोजमापाची एक सामाईक प्रयोगशाळा उभारावी. प्रारंभ लहान असला तरी चालेल. मात्र तिचे काम उद्योगांच्या मागणीशी बांधलेले असावे.

चित्रकार बाबूराव आणि यंत्राची जाण असलेले विष्णुपंत दामले एकत्र आले, म्हणून कोल्हापुरात कॅमेरा झाला. आज दोन्ही गुण शहरात आहेत. त्यांची गाठ घालून देणे एवढेच काम उरले आहे, आणि ते आपोआप होणारे नाही.