कागेकियोची तलवार आणि बाजीप्रभूंची खिंड

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत, बसस्थानकाच्या आसपास किंवा बाजारपेठेतील एखाद्या अरुंद गाळ्यात व्हिडिओ गेमची पार्लरे उघडली होती. नाणे टाकायचे, दांडा घट्ट धरायचा आणि जीव संपेपर्यंत पडद्यावरच्या शत्रूंना ठोसे लगावायचे, हा तेथला शिरस्ता. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ तेथे विशेष लोकप्रिय होता. ते लांबलचक इंग्रजी नाव मुलांच्या जिभेवर बसेना. म्हणून त्यातील एका नायकाच्या नावावरून भारतभरच्या मुलांनी त्याला ‘मुस्तफा’ म्हणण्यास प्रारंभ केला. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या पिढीला हे नाव ऐकताच आपले बालपण आठवते.

नायकाचे नाव कोणते होते, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की, त्या गाळ्यातील एकाही यंत्रात आपल्या इतिहासातील, आपल्या पुराणातील एकही नायक का नव्हता? घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी त्या काळी मुलांचे कान धरून त्यांना घरी आणले आणि कर्तव्य संपले असे मानले. त्या यंत्रात काय आहे, ते कोणी घडविले आणि कशासाठी, याचा विचार फारसा झाला नाही. तो आता तरी व्हावयास हवा.

या यंत्रांचे अर्थकारण खेळणाऱ्याच्या पराभवावर उभे होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खेळणारा लवकर हरला तरच दुसरे नाणे पडणार; म्हणून खेळ मुद्दाम कठीण केले जात. त्यातील मारधाडीविषयी पालकांना वाटणारी काळजीही निराधार नव्हती. परंतु याच क्षेत्रात मर्यादेचा विचारही झालेला आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला, तेव्हा पडद्यावर माणसांवर गोळ्या झाडणे कंपनीला अनुचित वाटले आणि म्हणून शत्रू परग्रहावरचे झाले. साधन नवे असले तरी ते हाताळणाऱ्याच्या मनात मूल्यविवेक असू शकतो, एवढे यावरून निश्चित दिसते.

या संदर्भात एका फारशा परिचित नसलेल्या खेळाची हकीकत पाहण्यासारखी आहे. नाम्को या कंपनीने १९८६ साली जपानमधील पार्लरांसाठी ‘गेन्पेई तोमादेन’ नावाचा खेळ काढला. बाराव्या शतकात जपानमध्ये ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांत सत्तासंघर्ष झाला आणि ११८५ साली दान्नोउराच्या सागरी लढाईत ताइरा घराण्याचा संपूर्ण विनाश झाला. त्या पराभूत घराण्यातील योद्धा कागेकियो हा या खेळाचा नायक. तो मृत्यूच्या राज्यातून परततो आणि जपानचे एकेक प्रांत ओलांडत कामाकुराकडे, विजेत्या योरितोमोकडे निघतो. खड्ग, दर्पण आणि रत्न ही जपानच्या राजसत्तेची तीन पवित्र चिन्हे वाटेत मिळविल्याविना त्याचे कार्य सिद्धीस जात नाही. नायकाचे उरलेले आयुष्य जळत्या मेणबत्त्यांनी दाखविलेले आहे. तलवार कठीण वस्तूवर वेडीवाकडी आपटली तर तिची शक्ती घटत जाते. म्हणजे अविचाराने चालविलेले शस्त्र आपल्याच हाती बोथट होते. प्रांतांची नावे, वीरांची नावे, राजचिन्हे हे सारे खेळता खेळता मुलांच्या ओळखीचे होते.

हा खेळ परदेशी ग्राहकाच्या पसंतीसाठी केलेला नव्हता. जपानबाहेर तो प्रथम पोहोचला तो दहा वर्षांनंतर, जुन्या खेळांच्या एका संग्रहातून. आपल्याच मुलांना आपलीच कथा सांगावी, एवढाच त्याचा आवाका होता. परंतु त्यामागची परंपरा केवढी! ताइरांच्या विनाशाची गाथा शेकडो वर्षे बिवा हे तंतुवाद्य वाजवीत अंध गायक गावोगाव गात होते. पुढे कागेकियो ‘नो’ नाट्यात आला. १६८५ साली चिकामात्सु मोन्झाएमोन या थोर नाटककाराने त्याला कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीवर आणले. काबुकीनेही त्याला आपलेसे केले. आणि तीनशे वर्षांनंतर तोच कागेकियो नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रात अवतरला. साधने बदलत गेली, कथेचा धागा तुटला नाही. आधुनिक होण्यासाठी आपले पूर्वज विसरावे लागतात, असे त्या समाजाला वाटले नाही.

आता आपल्याकडे पाहू. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा शाहीर अज्ञानदासाने शिवकाळातच रचला. कीर्तनकारांनी रामायण-महाभारत खेडोपाडी नेले. जात्यावरच्या ओवीत सीता होती, दशावतारात आणि संगीत नाटकात पुराणपुरुष होते. चलच्चित्राचे नवे साधन आले, तेव्हाही आपण मागे राहिलो नाही. १९१०च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या मनात विचार आला की, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील? दादासाहेबांनी चित्रपटगृहावर बहिष्काराचे आवाहन केले नाही. ते यंत्र शिकले, विलायतेला जाऊन आले, घरातील किडूकमिडूक पणाला लावले, सरस्वतीबाईंनी खांद्याला खांदा लावून कष्ट केले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पोवाड्यापासून चित्रपटापर्यंत आलेला हा धागा व्हिडिओ गेमच्या यंत्रापाशी मात्र तुटला.

तो जोडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ प्लेस्टेशनसाठी केला. संपूर्णपणे भारतात तयार झालेला अशा प्रकारचा तो पहिला खेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. परंतु अमेरिकास्थित राजन झेड यांच्यासारख्यांनी तो मागे घेण्याची मागणी केली. उपास्य देवतेला बटण दाबून नाचवावे काय, हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. श्रद्धेचा आदर राखला गेलाच पाहिजे. परंतु निषेधाचे पत्रक निघते आणि विषय तेथेच मिटतो. मग कसे करावे, हे कोणी सांगत नाही. परिणामी मुलाच्या हाती पुन्हा परकीय खेळच उरतो.

दुसरे उदाहरण याच्या उलट प्रकारचे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी गलवानच्या पार्श्वभूमीवरील ‘फौजी’ हा स्वदेशी खेळ आला. त्याचे स्वागत प्रचंड उत्साहाने झाले. परंतु तीच ती हाणामारी पुनःपुन्हा करण्यातील तोचतोपणा खेळणाऱ्यांना लवकरच जाणवला आणि उत्साह ओसरला. देशभक्तीच्या नावाने माणूस एकदा खेळेल. दुसऱ्यांदा तो खेळ चांगला असेल तरच खेळेल. खोट्या नाण्यावर राजमुद्रा उठविली म्हणून ते खरे होत नाही.

म्हणूनच पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या चमूचे काम मोलाचे वाटते. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न २०१७ साली फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० साली ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ पूर्ण केला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही साधी मुलगी त्याची नायिका आहे. दुर्गामातेने दिलेला त्रिशूळ तिच्या हाती आहे. बटण दाबले की हालते ती राजी. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. देवतेचा मान राखून देवतेची कथा कशी सांगावी, या प्रश्नाला मिळालेले हे कृतिशील उत्तर होय. त्या वर्षीच्या ‘द गेम अॅवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. ही बातमी आपल्यापैकी किती घरांत पोहोचली?

खेळ हे संस्काराचे साधन आहे, हे संघस्थानावर वाढलेल्या कार्यकर्त्याला नव्याने सांगावे लागत नाही. शाखेवर व्याख्यानाआधी खेळ असतो. खेळातून धैर्य येते, सांघिक वृत्ती येते, पराभव पचविण्याची शक्ती येते. मैदानाची जागा पडदा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. सायंकाळी मुलाने धूळ माखूनच घरी यावे. परंतु जो वेळ तो पडद्यापुढे घालविणारच आहे, तो सर्वस्वी इतरांच्या स्वाधीन करणे हे शहाणपणाचे नाही.

जरा कल्पना करा. १६६० सालच्या जुलै महिन्यातील ती रात्र. मुसळधार पाऊस, सिद्दी जौहरचा वेढा, पन्हाळ्यावरून निसटलेली पालखी, चिखलातील वाट, पाठीवर शत्रूचे घोडदळ. पुढे घोडखिंड आणि तेथे पाय रोवून उभे असलेले बाजीप्रभू. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड लढवायची आहे. वाट, टप्पे, वेळेचे बंधन, अखेरचा निर्वाणीचा संग्राम, खेळाला लागणारे सर्व काही इतिहासानेच रचून ठेवले आहे. आणि या खेळातला विजय जिवंत राहण्यात नाही, तर राजे गडावर पोहोचण्यात आहे! नाणे टाकून स्वतःचा जीव वाढविण्याची सवय झालेल्या मुलाला यापेक्षा मोठा संस्कार कोणता देणार?

संगणक अभियंते आज मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी आहेत. चित्रकार आहेत, संगीतकार आहेत, गडकोटांचा अभ्यास करणारे तरुण आहेत. त्यांना एकत्र आणणारी आस्था आणि चार वर्षे दम धरणारे पाठबळ हवे. घरातील मुलगा ‘मला असे खेळ तयार करावयाचे आहेत’ असे म्हणाला, तर त्याला हसण्याआधी आईवडिलांनी दादासाहेबांचे आणि सरस्वतीबाईंचे स्मरण करावे. कागेकियोला यंत्रात जागा मिळाली, कारण त्याच्या समाजाने ती करून दिली. आपले बाजीप्रभू अजून खिंडीत उभे आहेत. तोफांचे बार काढण्याचे काम आपले आहे.