औषधांचा जमाखर्च कोण तपासणार?

परतूरच्या रेल्वे स्थानकावर सकाळच्या वेळी गाडीची वाट पाहत बसलेल्या वृद्ध मंडळींकडे पाहिले, तर बहुतेकांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी आढळते. तीत निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे कागद आणि अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे असतात. १ मे १९८१ रोजी हा तालुका परभणी जिल्ह्यातून निघून नव्या जालना जिल्ह्यात आला. परंतु रुग्णांचे पाय अद्याप दोन्ही दिशांना वळतात. मधुमेहासाठी जालना, गुडघ्यांसाठी परभणी, हृदयविकारासाठी छत्रपती संभाजीनगर आणि ताप-खोकल्यासाठी गावातील दवाखाना, अशी ही वाटणी असते. प्रत्येक डॉक्टर आपापल्या विषयापुरते योग्य तेच लिहून देतो. मात्र चारही चिठ्ठ्या एकत्र मांडून वाचणारा मनुष्य या साखळीत कोठेच नसतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे चार घरचा पाहुणा उपाशी राहत नाही. तो अतिभोजनाने आजारी पडतो, इतकाच फरक.

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात पुस्तकांतून आला नाही, घरातून आला. माझे वडील शेतकरी, वय ७४. गेल्या वर्षी सकाळी उठताना त्यांना भोवळ येऊ लागली आणि एके दिवशी ते अंगणात पडले. ‘वय झाले’ असे म्हणून आम्ही सर्वांनी स्वतःचे समाधान करून घेतले. पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकलेला माझा एक जुना विद्यार्थी सहज घरी आला असता त्याने वडिलांची पिशवी ओट्यावर रिकामी केली. एकूण १२ औषधे निघाली. रक्तदाबासाठी एका डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत टेल्मिसार्टन होते. दुसऱ्यांनी दिलेल्या, निराळ्या नावाच्या जोडगोळीतही ॲम्लोडिपिनसोबत तेच टेल्मिसार्टन होते. ॲम्लोडिपिनमुळे काहींच्या पायांवर सूज येते. तशी ती वडिलांना आली. ती नवा आजार समजून तिसऱ्यांनी लघवी वाढवणारी गोळी लिहिली होती. शिवाय गुडघ्यांसाठी रोजची वेदनाशामक गोळी चालूच होती. टेल्मिसार्टनच्या वर्गातील औषध, लघवी वाढवणारे औषध आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली असता मूत्रपिंडास धोका पोहोचू शकतो, हे वैद्यकशास्त्रास चांगले ठाऊक आहे. आम्हांस मात्र ते कोणी सांगितले नव्हते.

त्या तरुणाने स्वतः एकही गोळी बंद केली नाही. त्याने सर्व औषधे मूळ नावांनिशी एका कागदावर लिहिली, तीन नावांपुढे प्रश्नचिन्हे केली आणि कागद डॉक्टरांस दाखवण्यास सांगितले. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला, तीन औषधे कमी केली आणि जोडगोळी बदलून दिली. भोवळ थांबली. या कामासाठी त्या तरुणाने एक पैसाही घेतला नाही. उलट त्याच्याच दुकानातून जाणारी तीन औषधे त्या दिवसापासून कमी झाली. अर्थशास्त्राच्या अध्यापकास अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

दोष कोणाचा?

या गोंधळाचे खापर डॉक्टरांच्या माथी फोडणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. एकच मूळ औषध शेकडो व्यापारी नावांनी विकले जाते, तेव्हा दुसऱ्याची चिठ्ठी पाहूनही डॉक्टरला चकवा बसू शकतो. औषधे मूळ नावांनी विकली जावीत, अशी शिफारस जयसुखलाल हाथी समितीने १९७५ साली केली होती. ती आजही बव्हंशी कागदावरच आहे. त्यात एका गोळीत दोन-तीन औषधे मिसळलेल्या जोडगोळ्यांची भर पडली. केंद्र शासनाने अशा मिश्रणांपैकी २०१६ साली ३४४, तर २०२४ साली १५६ मिश्रणांवर बंदी घातली, यावरून या बाजाराचा पसारा ध्यानात यावा. उरलेल्यांत उपयुक्त मिश्रणे पुष्कळ आहेत, पण वेष्टनावरील बारीक इंग्रजी अक्षरे वाचून त्यांतील घटक ओळखणे वृद्ध रुग्णाच्या आवाक्यातले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते. कर्ती मुले पुणे-संभाजीनगरकडे गेल्यामुळे आमच्या खेड्यांत हे प्रमाण डोळ्यांना त्याहून अधिक जाणवते. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात काही तासांचे अंतर हवे, एवढी साधी बाबही या वृद्धांना सांगणारे घरात कोणी नसते.

कायदा आहे, व्यवहार नाही

वास्तविक पाहता हे काम कोणी करावे, याचे उत्तर कायद्याने केव्हाच दिले आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ अन्वये चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधतज्ज्ञाच्या हातूनच दिले गेले पाहिजे. २०१५ च्या नियमावलीने तर चिठ्ठी तपासणे आणि रुग्णास समजावून सांगणे ही त्याची कर्तव्येच ठरवली. परंतु अनेक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि प्रमाणपत्राचा धनी मात्र भलत्याच गावी असतो, हे उघड गुपित आहे.

यामागील कारण अप्रामाणिकपणाइतकेच आर्थिक आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्यास १६ टक्के नफा धरला आहे. म्हणजे त्याची मिळकत विक्रीच्या प्रमाणात वाढते; सल्ल्यास मात्र मोल शून्य. ज्याने अनावश्यक गोळी ओळखावी, तीच गोळी विकण्यावर त्याचे घर चालावे, ही रचना सज्जनालाही गप्प बसावयास लावणारी आहे. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्यास असलेले ज्ञान आणि घेणाऱ्याचे अज्ञान यांतील दरीकडे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच लक्ष वेधले होते. ही दरी बाजार आपोआप बुजवीत नाही. त्यासाठी संस्था उभाराव्या लागतात.

इतर देशांनी त्या उभारल्या. ऑस्ट्रेलियात २००१ पासून डॉक्टरांच्या शिफारशीवरून प्रशिक्षित औषधतज्ज्ञ रुग्णाच्या घरी जाऊन औषधे तपासतो व डॉक्टरांस अहवाल देतो. इंग्लंडने २००५ साली औषधाच्या दुकानांतून अशी तपासणी सुरू केली. दर तपासणीस २८ पौंड आणि दर दुकानास वर्षाला कमाल ४०० तपासण्या, असा हिशेब होता. पण मोबदला संख्येवर मिळू लागताच सोपे रुग्ण निवडून आकडा भरण्याकडे कल वाढल्याची टीका झाली. २०२१ साली ती योजना बंद झाली आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांशी जोडलेल्या औषधतज्ज्ञांच्या सविस्तर तपासणीवर भर देण्यात आला. आपण इंग्लंडची चूक उसनी न घेता तिच्यातील धडा तेवढा घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ साली औषधांमुळे होणारी हानी रोखण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा अनेक औषधे एकदम घेणाऱ्या रुग्णांचा प्रश्न अग्रक्रमाच्या तीन विषयांत ठेवला होता.

काय करता येईल?

डॉक्टर मंडळी म्हणतील की, हे आमच्या अधिकारावर आक्रमण आहे. तसे नाही. तपासणारा प्रश्न विचारील, निर्णय डॉक्टरच घेईल. दुसरा आक्षेप असा की, दोन वर्षांची पदविका घेतलेल्याकडून एवढी अपेक्षा कशी करावी? तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रशिक्षण हे आहे. २००८ पासून आपल्याकडे सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रमही चालू आहे. त्या पदवीधरांस तालुक्याच्या पातळीवर काम देण्याचा विचार व्हावयास हवा. तिसरा प्रश्न पैशाचा. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार २०२१-२२ मध्येही लोकांच्या खिशावरच होता आणि त्यात औषधांचा वाटा मोठा आहे. अनावश्यक औषधांवर घरोघर होणारा हा खर्च पाहता तपासणीचा खर्च जड वाटण्याचे कारण नाही.

आरंभ लहानसा असावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील औषधनिर्माण अधिकाऱ्यास वेतन मिळते, विक्रीवर नफा मिळत नाही; म्हणून या कामास तोच सर्वांत योग्य. आठवड्यातून एक दुपार राखून पाच किंवा अधिक औषधे घेणाऱ्या वृद्धांना ‘पिशवी घेऊन या’ असे सांगावे. आशा कार्यकर्तींनी त्यांना पाठवावे. मूळ नावांची एक यादी रुग्णाच्या हाती आणि शंकांसह तिची प्रत डॉक्टरांकडे जावी. अनुभव आल्यावर खासगी औषधतज्ज्ञांसही डॉक्टरांच्या शिफारशीवरून, विक्रीशी संबंध नसलेले ठरावीक शुल्क द्यावे. मात्र केवळ आकडा मोजून नव्हे, तर अहवालाचा कस पाहून.

वाचकांस एक विनंती करणे अगत्याचे आहे. हा लेख वाचून कोणीही स्वतःच्या बुद्धीने गोळी बंद करू नये. रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध एकाएकी सोडणे हे ते दुप्पट घेण्याइतकेच घातक ठरू शकते. आपली पिशवी घेऊन जावे, सगळी औषधे दाखवावीत आणि विचारावे, एवढेच.

गावच्या सहकारी सोसायटीच्या जमाखर्चाची दरवर्षी तपासणी व्हावी, असा कायदा आहे, कारण दहा हातांनी चाललेल्या व्यवहारात चूक राहणारच, हे आपण मान्य केले आहे. चार डॉक्टरांच्या हातून चाललेल्या एका वृद्ध देहाच्या व्यवहारास मात्र आपण कोणी तपासनीस नेमलेला नाही. माझ्या वडिलांचा हिशेब एका विद्यार्थ्याच्या सहज झालेल्या भेटीमुळे जुळला. स्थानकावर पिशवी घेऊन बसलेल्या इतरांचा हिशेब अशा योगायोगावर सोडून चालणार नाही.