उशीर कोण करतं?

दर ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या व्यासपीठांवरून एक वाक्य ऐकू येतं : ‘आपल्याकडे रुग्ण फार उशिरा येतात.’ मंत्री म्हणतात, अधिकारी म्हणतात, समई पेटवायला बोलावलेली नटीही म्हणते. वाक्य मोठं सोयीचं आहे. त्याने कुणाची खुर्ची हलत नाही, कुणाला खुलासा द्यावा लागत नाही, एक रिकामं पद भरावं लागत नाही. अडाणी माणूस उशिरा आला आणि गेला. शासन काय करणार?

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ते अर्धं खोटं आहे आणि उरलेलं अर्धं निर्लज्ज. रुग्ण उशिरा येतो, कबूल. पण कुठे? परळला, टाटा रुग्णालयात. त्याआधी तो गावच्या आरोग्य केंद्रात गेलेला असतो, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलेला असतो, जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये बाकावर बसलेला असतो. ही सगळी दारं सरकारचीच ना? मग तिथे गेलेले महिने रुग्णाच्या नावावर कोणत्या हिशोबाने मांडता?

माझी मामी मिश्री लावायची. खेड्यापाड्यातल्या तिच्या पिढीच्या बायका लावतात तशी. गालाच्या आत एक चट्टा उठला, तिखट लागेना, तशी ती ग्रामीण रुग्णालयात गेली. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल मिळालं. जेल संपलं, चट्टा तसाच. पुन्हा गेली, पुन्हा तेच जेल. तोंडात बॅटरी मारून, बोट घालून, घट्ट लागतंय का हे कुणी पाहिलं नाही. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण संशयित धरावा, एवढी साधी गोष्ट त्याच रुग्णालयाच्या भिंतीवर रंगवलेली होती.

मग सिव्हिल. तिथे तुकडा काढायचा तर सर्जनचा वार ठरलेला. तुकडा काढला तर तो तपासायला पॅथॉलॉजिस्ट नाही, जागा रिकामी. म्हणजे तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून दुसऱ्या जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजला. मामी खिडकीशी उभी राहून विचारायची, ‘दादा, रिपोर्ट कधी येईल?’ आतून मान वर न करता उत्तर यायचं, ‘मावशी, आला की कळेल. पुढच्या सोमवारी बघा.’ पुढचा सोमवार सुट्टीचा निघाला. रिपोर्ट आला तेव्हा मोठ्या रुग्णालयाने सांगितलं, नुसता कागद चालणार नाही, ब्लॉक आणि स्लाईड आणा, आम्ही परत बघू. मेणात बसवलेला तो नखाएवढा तुकडा मामाने रुमालात बांधून एसटीने नेला. सुरुवातीला मामीच्या तोंडात तीन बोटं जात होती. ऑपरेशनची तारीख लागली तेव्हा एक जात होतं. जबड्याचं हाड काढावं लागलं. आणि केसपेपरवर शेरा काय पडला असेल? रुग्ण उशिरा आली.

त्या शेऱ्याबद्दल मी कुणाला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

थांबण्याची किंमत किती, हे काही गूढ राहिलेलं नाही. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब छापून आला. शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी चढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर रेडिएशन सुरू झाल्यावरही वेळ पाठ सोडत नाही. बाहेरून आणि आतून द्यायचे सगळे डोस साधारण आठ आठवड्यांत संपले पाहिजेत, नाहीतर गाठ पुन्हा डोकं काढते. मध्येच मशीन बंद पडलं, तर ‘दुरुस्ती सुरू आहे’ या पाटीखाली त्या बाईचे दिवस जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने दहा लाख लोकांमागे एक तरी रेडिएशन मशीन हवं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटींच्या वर होता. म्हणजे शंभराच्या वर मशीन्स. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला सरकारी किती आली, ते ज्याने त्याने मोजावं. बोटं पुरून उरतील.

यावर उत्तर तयार असतं : मोफत उपचारांची योजना आहे की! आहेच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून आली, २०१७ साली महात्मा फुल्यांचं नाव लागलं. नाव बदलायला सरकारला वेळ लागत नाही. योजनेने हजारो घरं वाचवली, हेही मी मोकळेपणाने म्हणतो. पण कर्करोगाच्या उपचाराला मंजुरी मिळायची तर योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी बायोप्सीचा रिपोर्ट ठेवावा लागतो. योजनेचं दार रिपोर्टपाशी उघडतं आणि माणूस अडकतो रिपोर्टच्या अलीकडे. तिथली सोनोग्राफी, सीटी, तुकड्याची तपासणी यासाठी सरकारी तारखेची वाट बघायची, नाहीतर शेळी विकून खासगीत जायचं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं. उत्तम. केमोसाठी मुंबईची वारी वाचेल. पण केमोच्या खुर्चीत बसायलाही रिपोर्ट लागतो, आणि तो करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पॅथॉलॉजिस्टच्या नेमणुकीला फीत कापता येत नाही ना!

आता उस्मानाबादची गोष्ट सांगतो. आजचं धाराशिव. या जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर टाटा रुग्णालयाने, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून एक प्रचंड चाचणी केली. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच डॉक्टरांनी दुसरा प्रयोग केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्तींनी नुसत्या व्हिनेगरने तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ मध्ये जगासमोर आलं. व्हिनेगर! किराणा दुकानात मिळणारं!

म्हणजे कर्करोग वेळेत कसा पकडायचा हे जगाला महाराष्ट्रातल्या गरीब बायकांनी शिकवलं. आणि आपण काय शिकलो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती. १.९ टक्के. स्तनांची आणि तोंडाची तपासणी तर एक टक्काही नाही. ज्यांच्या शरीरांवर विज्ञान उभं राहिलं, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते विज्ञान दहा वर्षांत पोहोचलं नाही, आणि वर आम्हीच त्यांना ‘जागरूक व्हा’ म्हणून दटावतो. हा कृतघ्नपणा आहे. मला दुसरा शब्द सापडत नाही.

जागृतीचं काम कुणावर ढकललंय तेही पाहा. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरते : तंबाखू खाता का, तोंडात व्रण आहे का, छातीत गाठ आहे का. एका फॉर्ममागे तिला १० रुपये. तिने गाठ शोधली, बाईला समजावून दवाखान्यापर्यंत आणलं, तरी पुढची तारीख तिच्या हातात नसते. मग गावात शिव्या कोण खातं? ती.

इंग्लंडमध्ये संशयित रुग्णाला तातडीने पाठवल्यापासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे. शंभरातल्या ८५ जणांबाबत तो पाळला जावा, हे त्यांचं उद्दिष्ट. गेली कित्येक वर्षं त्यांना ते गाठता आलेलं नाही. तिथले लोक त्यावर संतापतात आणि बरोबर करतात. पण त्यांच्या संतापाला धरायला आकडा आहे. तो दर महिन्याला प्रसिद्ध होतो, सरकारला नको असला तरी. आपल्याकडे उद्दिष्टच नाही, त्यामुळे ते हुकतही नाही. महाराष्ट्रातल्या एकाही मंत्र्याला कुणी विचारू शकत नाही की तुमच्या जिल्ह्यात पहिल्या तक्रारीपासून पहिल्या उपचारापर्यंत किती दिवस जातात. जे मोजलंच नाही त्याचा जाब कोण मागणार? ही सोय कुणी आपोआप सोडणार नाही. ती हिसकावून घ्यावी लागेल.

‘एवढी माहिती गोळा करायला माणसं कुठून आणायची?’ असा रडका प्रश्न येईलच. नवीन काहीही गोळा करायचं नाही. केसपेपरवर तारखेचा शिक्का असतो. पॅथॉलॉजीच्या रजिस्टरमध्ये तुकडा आल्याची तारीख असते, रिपोर्ट गेल्याची असते. योजनेच्या पोर्टलवर मंजुरी मागितल्याची आणि मिळाल्याचीही तारीख असते. सगळ्या तारखा सरकारकडेच पडून आहेत, फक्त एकीतून दुसरी वजा करायची आहे. सरकार करत नसेल तर आपण करू. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. आपापल्या सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात टाका आणि एवढंच विचारा : गेल्या वर्षी बायोप्सीसाठी किती तुकडे घेतले, प्रत्येकाचा रिपोर्ट किती दिवसांनी दिला, आणि पॅथॉलॉजिस्टची जागा कधीपासून रिकामी आहे? रुग्णांची नावं मागू नका, तारखा मागा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.