पाहुण्यांचा हौद आणि वस्तीचा हापसा

मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तोच आमच्या ओळखीचा एक तरुण कागदाची गुंडाळी घेऊन आला. "जयभीम काका, जरा नकाशा बघा ना!"

मुलगा आपल्याच समाजातला. आजोबा १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. वडिलांनी मनमाडच्या रेल्वे कारखान्यात राबून नांदगाव तालुक्यात चार एकर जिरायत घेतली. त्या चार एकरांत याला कृषी पर्यटन केंद्र काढायचे आहे. राज्य सरकारचे तसे धोरण २०२० पासून आहेच. शहरातली माणसे येतील, बाजरीची भाकर नि ठेचा खातील, कांद्याची लावणी पाहतील. आपली पोरे मालक म्हणून पाहुण्यांचे स्वागत करणार, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला.

मग नकाशावर एक निळा चौकोन दिसला. पोहण्याचा हौद! वीस फूट लांब, दहा रुंद, चार खोल. शेजारी तीनशे फुटांचे नवे बोअर.

आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. आकडा दिसला की हात शिवशिवतात. आठशे घनफूट म्हणजे साडेबावीस हजार लिटरांहून अधिक पाणी. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. म्हणजे एकदा हौद भरला की सुमारे ४१० माणसांचे एका दिवसाचे पाणी गेले. आमच्या तालुक्यात गिरणा धरण आहे, तरी मनमाडच्या बायकांना नळाची वाट किती दिवस पाहावी लागते, हे वाचकभगिनींना आम्ही काय सांगावे?

बोअरची जागा तर बौद्ध वस्तीच्या हापशापासून शे-दीडशे पावलांवर! आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी असते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. एकाने खोलवर ओढले की शेजारचा हापसा कोरडा खडखडतो. भूजलाच्या २००९ च्या कायद्याने शेती-उद्योगासाठी साठ मीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला मनाई केली आहे. पण बोअरची गाडी रात्री येते, आणि कायदा रात्री झोपतो.

"काका, पाण्याशिवाय पाहुणा येतो का?" त्याने विचारले. प्रश्न खोटा नव्हता. त्याने बँकेचे कर्ज काढायचे ठरवले आहे, हप्ता फेडायचा आहे. तरी आम्ही म्हणालो, "बाबा, १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली ती पाण्यासाठी. आता बोअर आपले आणि कोरडा पडणारा हापसाही आपलाच." तो गप्प झाला. आम्हांलाही जरा कडक बोललो असे वाटले.

मग बसून बोललो. हौद नको. आंघोळीला बादली द्यावी, कारंजे नको. न्हाणीचे सांडपाणी केळी-शेवग्याला जावे. शेततळे पावसाच्या पाण्याने भरावे. बोअरच्या पाण्याने शेततळी भरण्याची जी खोड काही बागायतदारांना लागली आहे, ती आपण घेऊ नये. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी माठ ठेवावा, कारण उकिरड्यावरचे प्लॅस्टिक शेवटी गाईच्या पोटात जाते आणि उकिरडा उचलायला पुन्हा आपल्याच वस्तीतली बाई बोलावली जाते.

जीपगाडीवरून मात्र वाद झाला. शेजारच्या येवले तालुक्यात ममदापूर-राजापूरचे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पाहुण्यांना गाडीत घालून हरणांच्या मागे माळावर न्यायचे, असा त्याचा बेत. आम्ही त्याला वर्षावासाची गोष्ट सांगितली. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, कोवळे गवत नि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना तीन महिने एका जागी राहायला सांगितले. हिरवळीवर किंवा पाण्यात थुंकू नये, हेही विनयात आहे. लोकांची तक्रार ऐकून भगवंतांनी नियम केला, तर आपण आपल्या पाहुण्यांना सडकेवर उभे राहून दुरून हरणे पाहा, असे सांगायला का लाजावे?

"दुरून पाहायला कोण पैसे देईल?" तो म्हणाला.

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. निळ्या चौकोनावर मात्र त्याने स्वतःच्या पेनाने फुली मारली. बोअरचा विषय तो येत्या ग्रामसभेत मांडणार आहे, आणि वस्तीतल्या बायांनी त्या दिवशी मजुरी बुडवून यावे म्हणून आमची मंडळी घरोघर सांगत फिरत आहे.